आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी : आज्ञावलींच्या परस्परावलंबनाचा इतिहास

१

काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एका जुन्या मराठी गद्यग्रंथाची शब्दसूची संगणकाच्या साहाय्याने सिद्ध करण्याचे काम चालू होते. सूचीचा पूर्वार्ध छापून झाला. उत्तरार्धासाठी तीच आज्ञावली नव्या यंत्रावर चालविली, तेव्हा अनुस्वारयुक्त शब्दांचा क्रम पूर्वीपेक्षा निराळा आलेला आढळला. आज्ञावलीतील एक अक्षरही कोणी बदललेले नव्हते. शोध घेता असे दिसून आले की, शब्द वर्णानुक्रमे लावण्याचे काम आमची आज्ञावली स्वतः करीतच नव्हती. ते ती दुसऱ्या एका लायब्ररीवर सोपवीत होती, आणि नव्या यंत्रावर त्या लायब्ररीची नवी आवृत्ती होती. पहिल्या खेपेस कोणती आवृत्ती वापरली याची नोंद आम्ही ठेविली नव्हती. दोष सर्वस्वी आमचा होता.

येथे लायब्ररी हा शब्द ग्रंथालय या अर्थाने घ्यावयाचा नाही. अनेक आज्ञावलींना उपयोगी पडावा म्हणून एकदाच लिहून ठेवलेला आज्ञांचा संच, असा त्याचा संगणकाच्या व्यवहारातील अर्थ आहे. आजची कोणतीही मोठी आज्ञावली अशा शेकडो लायब्रऱ्यांच्या आधारावर उभी असते, आणि त्या लायब्रऱ्या पुन्हा इतर लायब्रऱ्यांवर अवलंबून असतात. मूळ लिखित आज्ञांपासून यंत्रावर चालणारी आज्ञावली बांधून काढणाऱ्या व्यवस्थेस ‘बिल्ड-सिस्टिम’ म्हणतात. हे परस्परावलंबन सांभाळणे हे तिचे मुख्य काम. ते काम कसकसे घडत गेले याचा इतिहास प्रस्तुत निबंधात थोडक्यात मांडावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. वाक्यार्थाचे ज्ञान होण्यास तीन गोष्टी आवश्यक असतात, असे आपल्याकडील नैयायिकांनी व मीमांसकांनी मानले आहे. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. त्या दोन पदांच्या अर्थांचा परस्परांशी मेळ बसणे ही योग्यता. आणि ती पदे विलंब न लावता जवळजवळ उच्चारली जाणे हा सन्निधी. ‘विस्तवाने शिंपतो’ या वाक्यात आकांक्षा आहे, सन्निधी आहे. परंतु योग्यता नाही. सकाळी एक पद आणि सायंकाळी दुसरे पद उच्चारले, तर सन्निधी नाही. लायब्ररीच्या बाबतीतही नेमके हेच तीन प्रश्न उद्भवतात : हिला कोणाची गरज आहे, जी मिळाली तिच्याशी हिचा मेळ बसतो काय, आणि बांधणीच्या वेळी ती हाताशी आहे काय. या तीन अटींकडे संगणकशास्त्राचे लक्ष एकदम गेले नाही. एकेक अट मोडल्यामुळे नुकसान झाले, तसतशी ती ध्यानात येत गेली. शिवाय या तिहींपलीकडची एक चौथी अट अगदी अलीकडे पुढे आली आहे. तिचा विचार शेवटी करू.

२

प्रारंभ सन्निधीपासून झाला. केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ हे यंत्र मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले आणि ६ मे १९४९ रोजी त्यावर पहिली आज्ञावली चालली. वर्गमूळ काढणे, अंक छापणे यांसारखी कामे प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा पुन्हा करावी लागतात, हे तेथील मंडळींच्या तत्काळ लक्षात आले. तेव्हा अशा उप-आज्ञावली कागदी फितीवर छिद्रे पाडून एका कपाटात नीट वर्गवारी लावून ठेवण्यात आल्या. १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली होती. त्याच वर्षी विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी या पद्धतीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. आज्ञावली-लेखनावरील आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

ज्याला जी उप-आज्ञावली हवी असेल त्याने ती फीत कपाटातून काढावी, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवून घ्यावी आणि सर्व मिळून एक अखंड फीत यंत्राला द्यावी, असा क्रम होता. एकच उप-आज्ञावली निरनिराळ्या आज्ञावलींत निरनिराळ्या जागी बसणार. त्यामुळे तिच्यातील पत्ते प्रत्येक वेळी बदलावे लागत. व्हीलर यांनी यंत्राच्या आरंभीच्या आज्ञांतच अशी योजना केली की, फीत वाचतावाचताच पत्त्यांची ही दुरुस्ती आपोआप व्हावी. सन्निधीचा प्रश्न येथे अक्षरशः हाताने सोडविला गेला होता : जे हवे ते एकाच फितीवर शेजारी आणून ठेवावयाचे. मात्र एकदा नक्कल उतरवून घेतली की मूळ फितीशी तिचा संबंध तुटत असे. मूळ फितीत पुढे दुरुस्ती झाली, तर ती नकलेत आपोआप उतरण्याचा मार्ग नव्हता. नक्कल घ्यावी की संबंध राखावा, हा पेच तेव्हापासून आजतागायत चालत आला आहे.

३

पुढील दोन दशकांत आज्ञावली इतक्या वाढल्या की त्या वेळेवर व निर्दोष तयार होईनात. या अडचणीचा विचार करण्यासाठी ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने परिषद बोलाविली. तीत डग्लस मॅकिलरॉय यांनी असे प्रतिपादन केले की, इतर उद्योगांत ज्याप्रमाणे तयार सुटे भाग विकत मिळतात, त्याप्रमाणे आज्ञावलींचेही घटक तयार मिळावयास हवेत. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी, आज्ञावलीचे घटक नेमके कोठे तोडावेत, या प्रश्नावर प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांनी निवडलेले उदाहरण भाषाभ्यासकाच्या चांगल्या परिचयाचे आहे. ते शब्दसूचीचे, म्हणजे प्रत्येक शब्द त्याच्या संदर्भासह वर्णानुक्रमे मांडणाऱ्या सूचीचे आहे. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे तो एकाच घटकाच्या आत झाकून ठेवावा, म्हणजे त्यात बदल झाला तरी शेजारच्या घटकांना त्याची झळ पोचत नाही, असा पार्नास यांचा सिद्धांत होता. आमच्या विभागातील सूचीला नेमकी अशीच झळ पोचली होती, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. वर्णक्रमाचा निर्णय लायब्ररीच्या आत झाकलेला खरा. पण त्याचा परिणाम छापील पानापर्यंत येऊन पोचला.

घटक वेगळे झाले की त्यांच्यातील आकांक्षा कोठेतरी लिहून ठेवावी लागते. ती प्रथम व्यवस्थितपणे लिहिली गेली ‘मेक’ या आज्ञावलीत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ च्या एप्रिल महिन्यात स्टुअर्ट फेल्डमन यांनी ती लिहिली. तिच्या जन्माची कथा त्यांनीच पुढे सांगितली आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन हे एके दिवशी संतापून त्यांच्या खोलीत आले. आज्ञावलीतील चूक त्यांनी आधीच सुधारलेली होती. परंतु सुधारलेला भाग पुन्हा बांधावयाचा राहून गेला होता, आणि निर्दोष आज्ञावलीतील दोष शोधण्यात त्यांची सारी सकाळ वाया गेली होती. फेल्डमन यांनाही आदल्याच सायंकाळी असाच अनुभव आला होता.

‘मेक’ची रचना साधी होती. एका फाईलमध्ये प्रत्येक वस्तूचे नाव, ती ज्या ज्या वस्तूंवर अवलंबून आहे त्यांची नावे आणि ती तयार करण्याच्या आज्ञा एवढेच लिहावयाचे. मग ‘मेक’ प्रत्येक वस्तूची वेळ पाहते. आधारभूत वस्तू नंतर बदललेली असेल, तर तिच्यावर अवलंबून असलेली वस्तू जुनी ठरते व तेवढीच पुन्हा बांधली जाते. सर्व वस्तू कोणत्या क्रमाने घ्यावयाच्या, हा प्रश्नही यात सुटतो. ज्याला आधार लागतो तो आधाराच्या नंतर यावा, अशा रीतीने जाळ्यातील सर्व बिंदू एका ओळीत लावण्याची पद्धत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मांडलेली होती. तिची एकच अट आहे : जाळ्यात कोठेही चक्र नसावे. ‘क’ला ‘ख’ हवा आणि ‘ख’ला ‘क’ हवा, अशी स्थिती असल्यास आरंभ कोठून करावा हे सांगता येत नाही. या कार्यासाठी फेल्डमन यांना पुढे ए. सी. एम. या संस्थेचा २००३ सालचा पुरस्कार मिळाला.

४

तथापि ‘मेक’मध्ये एक उणीव होती. लिहिलेली आकांक्षाच तिला कळत असे. न लिहिलेली कळत नसे. मोठ्या प्रकल्पात प्रत्येक विभागासाठी निराळी फाईल ठेवून एका ‘मेक’ने दुसऱ्या ‘मेक’ला हाक मारावी, अशी प्रथा पडली. प्रत्येक फाईल आपापल्या जागी बरोबर. परंतु संपूर्ण जाळे कोणाच्याच डोळ्यांसमोर नाही. परिणामी काही भाग विनाकारण पुन्हा बांधले जात, तर काही बांधावयाचे राहून जात. पीटर मिलर यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात हा दोष स्पष्ट केला. दोष साधनाचा नसून जाळ्याचे तुकडे करण्याचा आहे, हे त्यांचे म्हणणे आजही ग्राह्य आहे.

सी-प्लस-प्लस या भाषेसाठी असलेल्या ‘बूस्ट’ या लायब्ररी-समूहाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९८ मध्ये सुरू झालेला हा समूह कित्येक वर्षे एकाच भांडारात एकत्र नांदत होता. सर्व लायब्रऱ्या एकाच छपराखाली असल्यामुळे सन्निधी आयताच लाभत होता, आणि त्यामुळेच कोणाला कोणाची आकांक्षा आहे, हे लिहून ठेवण्याची कोणास निकड वाटली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये प्रत्येक लायब्ररीला स्वतंत्र भांडार मिळाले, तेव्हा आजवर झाकलेला गुंता उघडा पडला. एखादी छोटी लायब्ररी घ्यावयास जावे, तो तिच्यामागून इतर अनेक येत. काही ठिकाणी तर चक्रेही होती. मग प्रत्येक फाईलच्या आरंभीच्या, ‘अमुक फाईल येथे जोडा’ अशा अर्थाच्या ओळी वाचून खरे अवलंबन शोधून काढणारे साधन तयार करावे लागले.

अवलंबनाचे प्रकारही निराळे असतात, हे अशाच अनुभवांतून स्पष्ट झाले. लायब्ररीच्या अंतर्गत कामापुरते लागणारे अवलंबन एक. तिचा उपयोग करणाऱ्यालाही घ्यावे लागणारे दुसरे. आणि केवळ तिची परीक्षा घेताना लागणारे तिसरे. या तिहींची गल्लत झाली की जे चक्र वस्तुतः नाही ते आहे असे भासते. ‘सीमेक’ या प्रचलित बिल्ड-सिस्टिममध्ये यांपैकी पहिल्या दोहोंतील भेद स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो. सामासिक शब्दाच्या आतल्या पदांचा संबंध आणि त्या समासाचा वाक्यातील इतर पदांशी असलेला संबंध आपण जसे वेगळे मानतो, तसाच हा भेद आहे.

५

आकांक्षा आणि सन्निधी यांची व्यवस्था लागल्यावर योग्यतेचा प्रश्न पुढे आला, आणि तो सर्वांत अवघड ठरला. लायब्ररी हवी, एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या आवृत्तीची हवी, हेही सांगावे लागते. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या ‘डेबियन’ या संगणक-प्रणालीत प्रत्येक पुडक्याबरोबर त्याच्या गरजांचे पत्रक असे, आणि त्यात आवृत्तीची मर्यादाही लिहिता येई. १९९९ मध्ये प्रसृत झालेल्या तिच्या २.१ या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘ॲप्ट’ या साधनाने अशी पत्रके वाचून गरजांच्या गरजाही आपोआप आणून देण्याची सोय केली. जावा भाषेसाठी हीच सोय ‘मेव्हन’च्या २००५ मधील दुसऱ्या आवृत्तीने केली.

येथे वाक्यरचनेशी असलेले साम्य संपते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसिएँ तेनिएर यांच्या १९५९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वाक्याचे वर्णन अवलंबनाच्या वृक्षाने केले आहे. त्या वृक्षात प्रत्येक पदाचा स्वामी एकच असतो. लायब्ररीचे तसे नाही. एकाच लायब्ररीला अनेक स्वामी असतात, आणि त्यांच्या आज्ञा परस्परविरोधी असू शकतात. समजा, ‘क’ या आज्ञावलीला ‘ख’ आणि ‘ग’ या दोन लायब्रऱ्या हव्या आहेत. ‘ख’ला ‘घ’ची पहिली आवृत्ती हवी आणि ‘ग’ला ‘घ’ची दुसरी. बहुधा एका आज्ञावलीत ‘घ’ एकच राहू शकतो. मग कोणाचे म्हणणे ऐकावे? असे काही शेकडा पेच एकदम सोडवावयाचे झाल्यास ते गणितदृष्ट्या अत्यंत कठीण होते. युरोपातील ‘एडॉस’ या प्रकल्पातील संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास असे सिद्ध केले की, हा प्रश्न ‘एनपी-पूर्ण’ या वर्गात मोडतो. म्हणजे सर्व प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत त्यासाठी उपलब्ध नाही, आणि ती असण्याचा संभवही फार थोडा मानला जातो.

या अडचणीतून मार्ग काढण्याच्या निरनिराळ्या परंपरा पडल्या. ‘मेव्हन’मध्ये मूळ प्रकल्पापासून सर्वांत कमी पायऱ्यांवर जिचा उल्लेख येतो ती आवृत्ती ग्राह्य धरली जाते. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एनपीएम’ने प्रत्येक स्वामीला त्याची स्वतंत्र प्रत देण्याची मुभा ठेविली. गो भाषेत २०१८ पासून आलेल्या पद्धतीत सर्वांनी सांगितलेल्या किमान आवृत्त्यांपैकी जी सर्वांत वरची तीच घेतली जाते. नवीनतम आवृत्तीचा मोह टाळला जातो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी आवृत्तीच्या तीन अंकांना ठराविक अर्थ देण्याचा नियम पुढे केला. पहिला अंक बदलला तर जुना मेळ तुटला असे समजावे. दुसरा बदलला तर नवी भर पडली. तिसरा बदलला तर केवळ दुरुस्ती झाली. परंतु हा अंक माणूसच लिहितो. तो आपल्या हेतूचे कथन करतो, वस्तुस्थितीचे नव्हे.

याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण वर्णक्रमाशीच निगडित आहे. लिनक्स प्रणालीतील ‘जीलिबसी’ या पायाभूत लायब्ररीच्या ऑगस्ट २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत शब्दक्रमाचे कोष्टक नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुधारण्यात आले. सुधारणा योग्यच होती. परंतु ‘पोस्टग्रेस’ या माहितीकोशाच्या सूची जुन्या क्रमाने रचलेल्या असत. नव्या क्रमाने त्यांत शोध घेतला असता अस्तित्वात असलेली नोंदही नाही असे उत्तर येण्याचा धोका निर्माण झाला, आणि अशा सूची नव्याने रचाव्या लागल्या. शब्दकोश एका क्रमाने लावलेला आणि वाचक दुसऱ्या क्रमाने शोधणारा, अशी ही स्थिती होय. कोठेही आज्ञावली थांबली नाही, कोणी तक्रार केली नाही. म्हणूनच धोका अधिक होता.

यावर दोन उपाय रूढ झाले. पहिला, ज्या नेमक्या आवृत्त्यांनी बांधणी यशस्वी झाली त्यांची यादी गोठवून आज्ञावलीबरोबरच जतन करण्याचा. रूबी भाषेतील ‘बंडलर’ने २०१० मध्ये ही प्रथा चांगलीच रुजविली. दुसरा उपाय एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ मधील उट्रेक्ट येथील प्रबंधात सविस्तर मांडला आहे. ज्या ज्या वस्तूंपासून घटक बांधला त्या सर्वांचा मिळून एक गणिती ठसा काढावा आणि तोच घटकाच्या नावात घालावा. मग आधार किंचितही बदलला तरी नाव बदलते, आणि दोन आवृत्त्या एकमेकींना बाधा न आणता शेजारी नांदतात.

६

इथवरच्या तीन अटी यंत्राला शिकविता आल्या. चौथी मात्र शिकविता आलेली नाही. न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानले आहे. परंतु केव्हा, तर तो आप्ताचा शब्द असेल तेव्हा. आप्त म्हणजे येथे नातलग नव्हे, तर जसे आहे तसे सांगणारा, विश्वासास पात्र असा वक्ता. पदांत आकांक्षा, योग्यता व सन्निधी असूनही वक्ता आप्त नसेल, तर वाक्य कळते. पण त्यावर विसंबता येत नाही.

२२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या ११ ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने एका वादातून ‘एनपीएम’च्या भांडारातून काढून घेतली. शब्दाच्या डावीकडे ठराविक लांबीपर्यंत रिकाम्या जागा भरणे, एवढेच तिचे काम होते. परंतु अप्रत्यक्षपणे तिच्यावर अवलंबून असलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी तत्काळ बंद पडली. काही तासांतच ती परत ठेवण्यात आली, आणि प्रसिद्ध केलेली वस्तू मागे घेण्यावर पुढे निर्बंध आले. हा भंग सन्निधीचा असला, तरी त्याचे मूळ यंत्रात नव्हते. लेखक आणि भांडार यांच्या संबंधात होते.

‘एक्सझेड’चे प्रकरण याहून गंभीर आहे. माहिती आकुंचित करणारी ही लायब्ररी कित्येक वर्षे बहुतांशी एका व्यक्तीच्या विनामोबदला श्रमांवर चालली होती. २०२१ पासून टोपणनावाने मदत करणाऱ्या एका सहकाऱ्याने हळूहळू विश्वास संपादन केला आणि प्रसिद्धीचे अधिकार मिळविले. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरवाट ठेविली. ती मूळ आज्ञांत उघड दिसत नव्हती. परीक्षेसाठी ठेवलेल्या फायलींत ती लपविली होती, आणि प्रसिद्ध केलेल्या पुडक्यातील बांधणीच्या आज्ञाच तिला बाहेर काढून लायब्ररीत बसवीत होत्या. म्हणजे बिल्ड-सिस्टिम हेच या कपटाचे वाहन होते. लक्ष्य होते दूरच्या यंत्रात प्रवेश देणारी ‘एसएसएच’ सेवा. ती सेवा ‘एक्सझेड’वर स्वतः अवलंबून नाही, काही लिनक्स-प्रणालींनी तिला ‘सिस्टिमडी’ची लायब्ररी जोडली होती, आणि त्या लायब्ररीला ‘एक्सझेड’ हवी होती. गरजेच्या गरजेतून शत्रू आत आला. प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, या क्षुल्लक गोष्टीचा पाठपुरावा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला, म्हणून २९ मार्च २०२४ रोजी हे प्रकरण उघडकीस आले.

येथे आकांक्षा लिहिलेली होती, आवृत्ती योग्य होती, वस्तू हाताशी होती. ठसाही जुळला असता. कारण प्रसिद्ध करणाऱ्याने जे ठेविले तेच सर्वांना मिळाले होते. ढळली होती ती केवळ आप्तता. ती ढळण्याचे कारणही मानवी होते : जगभर ज्याच्या श्रमांवर काम चालते, त्या एकट्या माणसाचा भार कोणीच वाटून घेतला नव्हता.

७

सारांश, अवलंबन नाहीसे करता येत नाही. ते फक्त नोंदविता येते. केंब्रिजच्या कपाटापासून आजच्या गणिती ठशांपर्यंतचा इतिहास हा अधिकाधिक प्रामाणिक नोंदीचा इतिहास आहे. जेथे नोंद नव्हती तेथे फसगत झाली. आणि जेथे नोंद परिपूर्ण होती तेथेही, नोंदीमागच्या माणसाकडे लक्ष नव्हते म्हणून फसगत झाली.

भाषा आणि साहित्य यांच्या संशोधनात संगणकाचा उपयोग आता सार्वत्रिक झाला आहे. हस्तलिखिताची संहिता सिद्ध करताना कोणती पोथी वापरली, ती कोणत्या शकातील, कोणाच्या हातची, हे आपण कसोशीने नमूद करतो. तेवढ्याच कसोशीने, सूची ज्या आज्ञावलीने व तिच्या ज्या आधारांनी तयार झाली त्यांच्या आवृत्त्या नमूद करणे हे संशोधकाचे कर्तव्य मानावयास हवे. ज्या लायब्रऱ्यांवर आपले काम उभे आहे त्या कोण सांभाळतो, याची विचारपूस करणे आणि शक्य तो हातभार लावणे हाही त्याच कर्तव्याचा भाग होय. आमच्या सूचीचा छापलेला पूर्वार्ध आम्ही बाजूस ठेविला आणि संपूर्ण सूची प्रारंभापासून पुन्हा तयार केली. तिच्या पहिल्याच पानावर आता सर्व आवृत्त्यांची यादी दिलेली आहे.